माझ्यापेक्षा रुंद शाल

माग आहे मी. हातमाग, हिमरूचं रेशमी-सुती कापड विणायचा. माझ्या डोक्यावर पितळेची पाटी होती आणि तिच्यावर कोरलं होतं की मी निजामाच्या दरबारातला, दोनशे वर्षांचा. ही सपशेल थाप. निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शनला पन्नास वर्षं होत आली तेव्हा माझा जन्म झाला. मी निजाम पाहिला नाही, निजामानं मला पाहिलं नाही. स्वतःची गोष्ट सांगायची तर निदान वय तरी खरं सांगावं.

मला फुलंब्रीच्या बन्सी सुतारानं घडवलं. चौकटी, पाळणे, बैलगाड्यांची जोखडं करणारा माणूस. माग त्यानं जन्मात केला नव्हता. काम दिलं तात्यासाहेबांनी. तात्यासाहेब त्याच भागातले बागायतदार. शहरात आले आणि वेरूळच्या रस्त्यावर त्यांनी हिमरू शालींचं शोरूम टाकलं. लेणी बघायला निघालेल्या पर्यटकांच्या बसगाड्या तिथं थांबायच्या. ड्रायव्हरला चहा फुकट, पर्यटकाला शाल महाग.

शोरूममध्ये काचेची दोन कपाटं आधीच आली होती. त्यांच्यामध्ये जो कोनाडा उरला तेवढ्यात माग बसवायचा, असं ठरलं. जागा आधी, माग नंतर.

कसा बनवायचा ते दाखवायला नवाबपुऱ्यातले गयासभाई आले. खानदानी विणकर. त्यांचे घरचे माग केव्हाच सरपणात गेले होते. त्यांनी कोनाडा बघितला आणि मान हलवली.

"तात्यासाहेब, इतक्या तंग मागावर शाल नाय निघायची. पट्टा निघंल पट्टा. बहुत झालं तर ओढणी."

"शाल काढायचीय कुणाला?" तात्यासाहेब म्हणाले. "तुमी बसा, खटखट करा, लोकांनी बघावं. शाली सुरतेहून येतात."

गयासभाईंनी दाढीवरून हात फिरवला. ह्या माणसाची ती सवयच. बोलायची वेळ आली की हात दाढीवर जायचा.

मी घडलो. सागवानाचं अंग, पायानं दाबायच्या चिंचेच्या पावड्या. दोन दिवस नवा कोरा उभा होतो, लाकडाचा वास येत होता. मग बन्सीला सांगितलं की याला जुना कर. त्यानं मला जळकं ऑईल चोळलं, ओल्या गोवऱ्यांच्या धुरात ठेवलं आणि बैल बांधायच्या साखळीनं कडेकडेनं बडवलं.

"काल जन्मलेलं पोरगं," बन्सी हाताखालच्या माणसाला म्हणाला, "अन् त्याला म्हातारं कर म्हणतेत. आपल्या घरी उलटं हाय. म्हातारे मिशीला काळं लावतेत."

हसून घ्या. मीही तेव्हा हसलो असतो.

माझा धंदा सुरू झाला. धंदा म्हणजे असा: दारात बस थांबली की काउंटरवरचा माणूस बेल दाबायचा. मागच्या खोलीत चहा पीत बसलेले गयासभाई टोपी घालून धावत यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायचे. पर्यटक फोटो काढायचे. काउंटरवरचा माणूस सांगायचा, "ही कपाटातली शाल याच मागावरची. सहा महिने लागतात एका शालीला." बस गेली की गयासभाई उठायचे. पुढच्या बसपर्यंत माझ्या अंगावर एक बोटभरही कापड वाढलेलं नसायचं. कित्येकदा तर विणलेलं उसवायचे, कारण उभ्या धाग्यांचा ताणा संपला तर नवा चढवावा लागला असता.

सहा महिने म्हणे. सहा महिन्यांत मशीननं टेम्पोभर शाली ओकलेल्या असायच्या.

मोठ्या माणसांनी मला जे पहिलं शिकवलं ते हे. काम करू नकोस, काम करताना दिस.

मग मुनिरा आली.

गयासभाईंची मुलगी. अकरावीत कॉलेज सोडलेलं. का सोडलं हे घरी कुणी विचारलं नाही, सोडलंस ते बरं केलंस एवढंच म्हणाले. बापाचा डबा घेऊन औरंगपुऱ्यातून रिक्षा बदलून यायची. एक दिवस डबा ठेवला आणि माझ्या खालून, वरून, पाठीमागून सगळीकडून बघत राहिली. नंतर बापाला म्हणाली, "अब्बा, हा चालतो?"

"चालतो की."

"मग तुम्ही विणत का नाय?"

गयासभाईंनी दाढीवरून हात फिरवला.

ती बसली. बापाकडून तिनं शिकून घेतलं, म्हणजे खरं तर ओढून काढलं. ते एक गोष्ट सांगायचे आणि तीन विसरलो म्हणायचे. सुरुवातीला तिचे धागे तुटले, फणीत गुंता झाला, बुट्टी वाकडी आली. पण उसवून पुन्हा विणायची, आणि पर्यटकासाठी उसवणं आणि चुकलं म्हणून उसवणं यातला फरक मला लाकडापर्यंत कळला. हिमरूचं असं असतं की वरून बुट्टी दिसते आणि खालच्या अंगाला रेशमाचे सुटे धागे राहतात, म्हणून ते मऊ लागतं. तिचं पहिलं नीट जमलेलं बोटभर कापड तिनं हाताखालून फिरवून गालाला लावलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बन्सीनं मला ज्यासाठी बनवायला हवं होतं ते हे.

तात्यासाहेबांनी बघितलं. पोरगी बसली तर पर्यटक जास्त थांबतात हे त्यांच्या ध्यानात आलं. बोलण्यात ते मोकळे होते, देण्यात नव्हे.

"मुनिरा, तू एक ओढणी पुरी करून दाखव. काचेच्या कपाटात लावू. खाली तुझं नाव. विकली गेली की तू इथली विणकर, कायमची. सुरतेचा माल एकीकडं अन् तुझा माल एकीकडं."

"जुबान दिली ना, तात्यासाहेब?"

"अगं, मी काय पोरांशी खोटं बोलतो व्हय?"

ती कामाला लागली. बदामी रंगाचा ताणा, हिरव्या रेशमाची वेल. बस येवो न येवो, ती बसलेली. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या की काय करतेस, तर ही सांगायची, विणते. हा शब्द उच्चारताना तिची मान जरा वर व्हायची. त्या एका ओढणीवर तिनं सगळं लावलं होतं. दुसरी वाट तिच्याकडं नव्हती, आणि खरं म्हणजे तिला नकोच होती.

आता युसूफ सेठ. त्याच रस्त्यावर, दोन दुकानं सोडून, त्यांचं हिमरूचं शोरूम. त्यांच्याकडंही माग होता. तो खरंच जुना, पैठणकडं कुणाच्या तरी माळ्यावरून आणलेला. पण त्याला विणकर नव्हता, पावड्या मोडलेल्या, वाळवी लागलेली. म्हणजे त्याचं वय खरं आणि काम खोटं, माझं वय खोटं आणि आता कुठं काम खरं होऊ लागलेलं. दोन्ही दुकानांत शाली मात्र सुरतेच्याच. एकच टेम्पो यायचा. आधी इथं अर्धे गठ्ठे उतरवायचा, मग तिथं अर्धे.

तात्यासाहेबांनी पेपरात जाहिरात दिली, हॉटेलांत पत्रकं वाटली. माझा फोटो. खाली: 'निजामाच्या दरबारातला माग. आमची प्रत्येक शाल याच मागावर विणलेली. शेजारी मशीनचा माल मिळतो. फसू नका.'

शेवटचे दोन शब्द युसूफ सेठना झोंबले. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात उलटी जाहिरात दिली: 'अस्सल शाही माग फक्त आमच्याकडे. इतरत्र सुताराचा खेळ.' आणि तेवढ्यावर न थांबता कोर्टात दावा लावला, की तात्यासाहेब खोटी जाहिरात करून गिऱ्हाईक पळवतात. तात्यासाहेबांनी उलट दावा लावला, की युसूफ सेठ खोटी जाहिरात करून बदनामी करतात. गंमत म्हणजे दोघंही कोर्टात खरं बोलत होते. समोरचा खोटारडा आहे, हे दोघांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

अदालत रोडवर तारखा पडू लागल्या. क्रांती चौकात वकिलाच्या ऑफिसात चहा, शोरूममध्ये येऊन शिव्या. कोर्टानं शेवटी एक वकील बाई कमिशनर म्हणून नेमल्या: जा, दोन्ही माग बघा, जाहिरातीत लिहिलंय तसं आहे का ते लिहून आणा.

कमिशनर बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यासाहेब वकिलाकडून आले ते घामाघूम. माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या अंगावर मुनिराची ओढणी होती, जवळजवळ पुरी झालेली. वेलीचं शेवटचं वळण आणि काठ तेवढा राहिला होता.

"हे काढा," तात्यासाहेब म्हणाले.

मुनिराला वाटलं चेष्टा. "काय काढा?"

"हे कापड. जाहिरातीत शाल हाय, मागावर ओढणी कशी चालंल? कपाटातली एक शाल आणा, तिच्या दशा ह्या धाग्यांना गाठी मारून बांधा. अर्धी विणून झाली असं दिसलं पाहिजे."

"तात्यासाहेब," मुनिरा म्हणाली, "जे खरं हाय ते ऱ्हाऊ द्या ना. बाईला सांगा, आमच्याकडं मागावर इतकंच निघतं, पण निघतं. शेजारी तेवढंबी नाय. तुम्ही त्याच्यावर जिंकाल."

"खऱ्यावर जिंकता आलं असतं तर वकील कशाला केला असता?"

"अन् शाल ह्याच्यापेक्षा रुंद हाय. बसणार कशी?"

"दोन्ही कडा खाली दुमडा. टाचण्या लावा. बाई वकील हाय, विणकर नाय."

माझा सगळा राग इथं आहे, म्हणून थांबून सांगतो. त्या कोनाड्यात, त्या अख्ख्या रस्त्यावर, एकच गोष्ट अशी होती की जी कोर्टाला दाखवता आली असती. ती माझ्या अंगावर होती. पण खोटं बोलून बोलून ह्या माणसांना अशी सवय लागलेली की, खरा पुरावा समोर असताना तो कापून त्या जागी खोटा बांधायचा, हेच त्यांना शहाणपण वाटलं. चोरसुद्धा आपल्या खिशातले स्वतःचे पैसे फेकून देत नाही.

विणकरांत एक रिवाज आहे. अधुरं कापड मागावरून उतरवत नाहीत. पुरं झालं की फातिहा पढायचा, थोडा मलिदा वाटायचा, मगच कात्री. घरात मौत झाली तरी माग झाकून ठेवतात, कापत नाहीत. हे मुनिराला कुणी शिकवलं होतं? बापानं. पहिल्याच दिवशी.

"अब्बा, तुम्ही सांगा ह्यांना."

तात्यासाहेबांनी कात्री गयासभाईंच्या हातात दिली. गयासभाईंनी दाढीवरून हात फिरवला, बिस्मिल्लाह म्हणाले आणि कापलं. बिस्मिल्लाहचा असा उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

एकेक ताणलेला धागा तुटतो तेव्हा मागाच्या अंगातून झटका जातो. ओढणीभर झटके बसले. मुनिरानं कापड खाली पडू दिलं नाही, ओंजळीत धरलं. गाठी मारायला मात्र तिनं हात लावला नाही. त्या सगळ्या तिच्या बापानं मारल्या, खानदानी हातानं, सफाईदार.

दुसऱ्या दिवशी कमिशनर बाई आल्या. साध्या सुती साडीतल्या, कामाच्या. बरोबर दोन्हीकडचे वकील, युसूफ सेठ आणि एक फोटोग्राफर. बाईंनी पाटी वाचली, माझ्या अंगावरची सुरतेची शाल बघितली.

"छान आहे. जरा विणून दाखवता?"

गयासभाई बसले. पावडी दाबली. धागे वर उचलले गेले, धोटा गेला आणि दुमडलेल्या कडेत अडकला. त्यांनी तो ओढला. टाचण्या निघाल्या. एक कड सुटून माझ्या डाव्या बाजूनं बाहेर लोंबली, मग दुसरी उजव्या बाजूनं. मी मधे, आणि माझ्या दोन्ही अंगांनी शाल खाली लोळतेय. लहान मुलाला बापाचा सदरा घातल्यासारखी.

युसूफ सेठ हसत सुटले. "माशाल्लाह. मागापेक्षा मोठी शाल. आईपेक्षा लेकरू मोठं, ते पण पोटातच."

तात्यासाहेब गयासभाईंवर ओरडले, "तुमाला साधी टाचणी लावता येत नाय?"

बाई लिहीत होत्या. तेवढ्यात मुनिरा पुढं आली. कापलेली ओढणी तिनं बाईंसमोर धरली. "मॅडम, हे ह्याच मागावरचं हाय. मी विणलंय. काल कापलं. धागे जुळवून बघा, रंग तोच हाय."

बाईंनी ओढणी हातात घेतली, उलटून बघितली. खालच्या सुट्या धाग्यांवरून अंगठा फिरवला. त्यांना आवडली होती, हे मला दिसलं.

"सुंदर आहे गं. पण ही जाहिरातीत आहे का?"

"नाय."

"मग मला हिचं काही करता येत नाही. मला विचारलंय ते एवढंच, की जाहिरात खरी की खोटी."

त्यांनी ओढणी घडी करून परत दिली. बाई वाईट नव्हत्या, उलट मला भेटलेल्या मोठ्या माणसांत त्याच बऱ्या. पण कोर्टानं प्रश्नच असा पाठवला होता की, त्यात खोटं मावत होतं आणि मुनिरा मावत नव्हती.

तिथून बाई युसूफ सेठच्या दुकानात गेल्या. तिथं विणून दाखवा म्हटल्यावर विणकरच नव्हता. आता हसायची पाळी तात्यासाहेबांची होती.

दोन्ही अहवाल वाईट गेले. कोर्ट म्हणालं, भांडण मिटतंय का बघा. आणि काय सांगू, वर्षभर एकमेकांच्या नावानं बोटं मोडणारी ही दोन माणसं एका दुपारी माझ्यासमोर गादीवर मांडीला मांडी लावून बसली.

"तात्यासाहेब, आपण दोघं लढलो अन् सुरतवाला हसला," युसूफ सेठ म्हणाले.

"खरं हाय सेठ. चहा घ्या."

ठरलं ते असं. दोघांनीही जाहिरातीतून 'हातमाग' शब्द काढायचा. त्याऐवजी 'पारंपरिक' लिहायचं. पारंपरिकला कोर्टात मोजमाप नसतं. दोघांनीही दुकानातून माग हटवायचा. शाली त्याच, टेम्पो तोच, भाव दोघांचा सारखा.

मुनिरा दारात उभी होती. ती आत आली.

"माग काढताच हाय तर मला द्या. घरी नेते, नवाबपुऱ्यात. पाटी नको, शोरूम नको. मी माझी विणीन."

तात्यासाहेब क्षणभर विरघळले, हे कबूल करतो. "ने की. लाकडाला काय करायचंय मला."

युसूफ सेठनी बशी खाली ठेवली.

"ठहरो. जरा सोचो, तात्यासाहेब. आपण दोघांनी हातमाग शब्द सोडला. उद्या ही पोरगी घरात माग लावून बसली, बाहेर बोर्ड लावला, हातमागाचा हिमरू. अख्ख्या शहरात खरं बोलणारं एकच दुकान. मग बस कुठं थांबंल?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. इतकं एकमत त्यांचं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तडजोडपत्रात एक कलम वाढलं. दोन्ही माग विणकामासाठी कुणालाही द्यायचे नाहीत, शोभेसाठी वापरले तर धोटा ठोकून बंद करायचा. आणि गयासभाईंनी कुठं बोलू नये म्हणून युसूफ सेठनी त्यांना आपल्या दारात स्टूल दिलं. शेरवानी, फेटा, आल्या गिऱ्हाइकाला सलाम.

"अब्बा," मुनिरा म्हणाली. "आता तरी बोला."

गयासभाई बोलले. आयुष्यात पहिल्यांदा दाढीवरून हात न फिरवता बोलले.

"सेठ, जुम्म्याला दुपारची छुट्टी भेटंल ना?"

मुनिरा तिथून निघून गेली. पळाली नाही, रडली नाही. ओढणीची घडी काखेत होती. चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. मागं फक्त चहाच्या बशांचा आवाज राहिला. तिनं सगळ्या मोठ्यांना एकेक करून विचारून बघितलं होतं. मालकाला, बापाला, कोर्टाच्या बाईला. आणखी कुणाला विचारायचं होतं तिनं? मला वाचा असती तरी मी लाकूडच.

मी बरीच वर्षं गोदामात पडून होतो. उंदरांनी फणीची दोरी खाल्ली. मग फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या एका लग्नाच्या लॉनवाल्यानं मला नेलं. ह्या दरम्यान शहराचं नाव बदललं, मिरवणुका झाल्या, कोर्टात त्याच्याही तारखा पडल्या. लॉनच्या फाटकापाशी माझ्यावर रंगीत दिवे सोडलेत. धोट्यातून चार इंची खिळा आरपार गेलाय. नवरा-नवरी माझ्यापाशी उभं राहून फोटो काढतात, नवरी विणल्यासारखा हात पुढं करते, फोटोग्राफर म्हणतो, थोडं नॅचरल.

मागच्या थंडीत एका लग्नाला मुनिरा आली होती. कुणा मैत्रिणीच्या मुलीचं असावं. कानशिलावर पांढरे केस, हाताला सुया टोचल्याच्या खुणा. साड्यांना फॉल लावते, असं तिच्या बरोबरची बाई कुणाला तरी सांगत होती. माझ्याजवळ आली, खालून, वरून, पाठीमागून बघितलं. मग खाली वाकून खिळ्याला हात घातला. बोटांनी. हलवला, पुन्हा हलवला. नख मोडलं.

वाढप्याच्या पोशाखातला पोरगा धावत आला. "काकू, हात नका लावू. शोचं हाय ते."

"व्हय," ती म्हणाली. "माहीत हाय."

पदरानं बोट पुसलं आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तुम्ही ह्या रस्त्यानं कधी लग्नाला आलात तर माझ्यापाशी फोटो काढू नका. माझ्या वयाची चौकशी करू नका, परंपरेबद्दल पोरांना काही सांगू नका. सरळ कुऱ्हाड आणा. आचाऱ्याला सांगा, हे सागवान चुलीत घाल. माझ्यावर भात शिजू द्या आणि तो कुणीतरी भुकेल्यानं खाऊ द्या. माझ्याकडून एवढं एक तरी खरं काम होऊन जाऊ द्या.